थारमध्ये सबवूफर लावला आणि खड्ड्यात ॲम्प बंद पडतो? नवीन ॲम्प घेण्याआधी हे तपासा

ही तक्रार पावसाळा सरला की सुरू होते आणि उसाचा हंगाम संपेपर्यंत येतच राहते. गाडी थार, जिमनी, गुरखा, नाहीतर जुनी बोलेरो. मागे दहा किंवा बारा इंची वूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर), सीटखाली त्याला पॉवर देणारा ॲम्प (ॲम्प्लिफायर). रंकाळ्याला चक्कर मारताना सगळं झकास वाजतं. गगनबावड्याच्या पुढे कच्च्या रस्त्याला लागलं की आवाज जातो. दुकानदार म्हणतो ॲम्प गेला, नवीन घ्या. नवीन ॲम्पही थोड्याच दिवसांत तेच रडगाणं सुरू करतो.

अशा गाड्यांत ॲम्प बहुतेक वेळा ठणठणीत असतो. दोष असतो करंटच्या वाटेत: बॅटरीपासून ॲम्पपर्यंत, किंवा ॲम्पपासून बॉडीतून परत बॅटरीपर्यंत. माझा अनुभव विचाराल तर परतीच्या वाटेतच जास्त.

आधी लक्षण नीट ओळखा

"बंद पडतो" एवढ्यावर काही कळत नाही. कधी आणि कसा बंद पडतो, ते बघा.

खड्ड्यात गाडी आपटली की क्षणभर आवाज तुटतो आणि आपोआप परत येतो, म्हणजे कुठला तरी जोड सैल आहे. आवाज वाढवल्यावर बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात आणि मग ॲम्पवर लाल दिवा लागतो, म्हणजे व्होल्टेज पडतंय. अर्धा-पाऊण तास नीट वाजून बंद होतो आणि गार झाला की परत चालू होतो, म्हणजे ॲम्प तापतोय. चावी फिरवल्या फिरवल्या लाल दिवा लागत असेल, तर वूफरची वायर कुठेतरी बॉडीला टेकली असेल किंवा वूफरच्या आतलं तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, जळली असेल. एक्सलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिटी चढत जाते, ते अर्थिंगचं किंवा सिग्नल वायरचं दुखणं. आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फ मारत नसेल, तर ॲम्प रात्री बंदच होत नाही.

एका गाडीत यातली दोन लक्षणं एकत्र असू शकतात. तरीही खालच्या क्रमानेच जा. पहिल्या तीन गोष्टींना जवळजवळ काही खर्च नाही.

सगळे बूस्ट शून्यावर आणा

स्टीरिओवर बेस फुल्ल, ॲम्पवर बेस बूस्ट फुल्ल, गेन, म्हणजे स्टीरिओचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी, तीही उजवीकडे टोकाला. अशीच गाडी समोर येते. सहा डेसिबल बूस्ट म्हणजे त्या पट्ट्यात ॲम्पकडून चौपट पॉवर मागणं, आणि बारा डेसिबल म्हणजे सोळा पट. एवढी पॉवर ॲम्पकडे नसते आणि ती पुरवायला बॅटरीकडे करंट नसतो. मग आवाज फाटतो, ॲम्प तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो.

बूस्ट काढा, लो-पास फिल्टर (वूफरकडे फक्त खालचे सूर जाऊ देणारा) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, गेन अर्ध्याच्या खाली आणा. आता त्याच खराब रस्त्यावरून बेताच्या आवाजात जाऊन या. एवढ्या कमी आवाजातही खड्ड्यात तुटत असेल, तर करंट कमी पडण्याचा प्रश्न नाही, जोड सैल आहे. फक्त मोठ्या आवाजातच तुटत असेल, तर व्होल्टेज किंवा उष्णता. या एका फेरीने पुढचं निम्मं काम वाचतं.

फ्यूज आणि त्याचा होल्डर

बॉनेट उघडा. ॲम्पच्या लाल वायरवर, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असायलाच हवा. तो ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या धारेवर वायर घासली आणि शॉर्ट झाली, तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा बॅटरीचा सगळा करंट ओढून पेटू शकतो. खडखडाट करत चालणाऱ्या गाडीत वायर घासणं रोजचंच, म्हणून फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट (वायरभोवतीची कडी) आहे का, तेही इथेच बघून घ्या.

स्वस्तातल्या किटमध्ये काचेच्या नळीचा फ्यूज येतो. दोन्ही टोकांना तो नुसता स्प्रिंगच्या दाबावर धरलेला असतो. डांबरी रस्त्यावर चालून जातं, पण फोंडा घाटापलीकडच्या कच्च्या वाटांवर तो होल्डरमध्ये हलतो, ठिणग्या पडतात आणि प्लॅस्टिक तपकिरी पडतं. होल्डर उघडून रंग बघा, फ्यूज बोटाने फिरवून बघा. सहज फिरला तर होल्डर बदला आणि नट-बोल्टने आवळायचा पट्टीचा फ्यूज बसवा. फ्यूज वारंवार उडतोय म्हणून मोठा घालणं, हा उपाय नाही. तसा सल्ला कुणी दिला तर चावी परत घ्या.

बॅटरीची टर्मिनलं

दहा नंबरचा पाना लागेल, बस. टर्मिनल हाताने फिरवून बघा. तसूभरही हललं तर सैल आहे. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी मायनस काढा, मग प्लस, खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने साफ करा, कोरडं करून आवळा. लावताना उलट, आधी प्लस आणि मायनस शेवटी. बॅटरी ज्या क्लॅम्पने ट्रेमध्ये बसवलेली असते, तोही हलवून बघा. ऑफरोडला जाणाऱ्या गाड्यांत तो हमखास ढिला सापडतो.

मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीचं व्होल्टेज मोजा. चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी रिकामी. इंजिन चालू केल्यावर बऱ्याच गाड्यांत १३.८ ते १४.४ दिसायला हवं. नवीन गाड्यांत इंधन वाचवायला आल्टरनेटरचं (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचं) व्होल्टेज कॉम्प्युटर कमीजास्त करतो, त्यामुळे तिथे एकदाच आकडा बघून निष्कर्ष काढू नका.

अर्थिंग: इथे वेळ घालवा

अर्थिंग म्हणजे ॲम्पची काळी वायर बॉडीला कुठेतरी आवळणं, एवढीच समजूत असते. साध्या हॅचबॅकमध्ये त्यावर भागतं, कारण तिथे बॉडी आणि चॅसिस (खालचा लोखंडी सांगाडा) एकच असतात. थार, गुरखा, जिमनी, बोलेरो या शिडीच्या चॅसिसवरच्या गाड्या. चॅसिस वेगळी, तिच्यावर रबरी बुशांवर बसवलेली बॉडी वेगळी. रबरातून करंट जात नाही. तुम्ही मागच्या पत्र्याला अर्थ घेतलात की ॲम्पचा सगळा करंट बॉडीतून पुढे येतो आणि कंपनीने दिलेल्या एखाद-दुसऱ्या अर्थ पट्ट्यातून किंवा वायरीतून बॅटरीत परत जातो. ती वाट कंपनीने टेललाइट, वायपर, पॉवर विंडो एवढ्याच्या हिशोबाने दिलेली असते. तुम्ही तिच्यावर ४०-५० अँपिअर जास्तीचे लादता. वर पट्टा चिखलात भिजलेला, बोल्टखाली गंज.

उसाला पाणी पाजणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मोटर कितीही हॉर्सपॉवरची बसवा, पाइपची चावी अर्धी बंद असेल तर शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. तरीही लोक मोटर बदलतात, म्हणजे नवीन ॲम्प घेतात.

तपासायचं कसं? ओहमवर मीटर लावून अर्थ "ओके" दाखवणारे पुष्कळ आहेत. त्याचा उपयोग नाही. ०.०१ ओहमचा विरोध साध्या मीटरला दिसतच नाही, पण ५० अँपिअरला तो अर्धा व्होल्ट खातो. म्हणून आवाज चालू असताना व्होल्टेज मोजायचं. मोबाइलवरून ५० हर्ट्झचा टोन लावा (गाण्यावर आकडा नाचत राहतो), इंजिन चालू, आवाज नेहमीइतका. मीटर डीसी व्होल्टवर. एक काडी ॲम्पच्या मायनस स्क्रूवर, दुसरी बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर. एक काडी पुढे पोचत नसेल तर लांब वायर जोडून घ्या. टोन काही सेकंदच चालू ठेवा, नाहीतर वूफरची कॉइल तापते.

०.१ ते ०.२ व्होल्ट आलं तर अर्थ चांगला. ०.५ च्या वर गेलं तर दोष सापडलाच म्हणा. आता दुसरी काडी टप्प्याटप्प्याने सरकवा: अर्थ बोल्टशेजारचा उघडा पत्रा, मग बॉडीचा पुढचा भाग, मग चॅसिस, मग बॅटरी. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो, तिथे जोड खराब आहे. प्लसच्या बाजूनेही हेच करा, बॅटरी प्लस ते ॲम्प प्लस.

दुरुस्ती सोपी आहे. अर्थच्या जागेचा रंग घासकागदाने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) दातेरी वॉशरसह नट-बोल्टने आवळा, आणि वरून ग्रीस किंवा रंग द्या, नाहीतर गगनबावड्याचा एक पावसाळा तिथे गंज चढवायला पुरेसा आहे. पत्र्याचा स्क्रू नको, तो थरथरीने सुटतो. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ कधीच घेऊ नका. तो बोल्ट तुमच्या जिवासाठी आहे. सीटच्या बोल्टचंही तेच, शिवाय त्याच्या आट्यांवर लॉकिंगचा डिंक आणि रंग असतो.

त्यानंतर बॉडी ते चॅसिस आणि चॅसिस ते इंजिन असे दोन जाड पट्टे टाका, ॲम्पच्या वायरइतक्याच जाडीचे. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर छोटा सेन्सर असतो. बॅटरीत किती करंट गेला-आला हे तो मोजतो. तुमचा पट्टा थेट मायनस पोस्टला लावला तर तो करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा हिशोब बिघडतो. कंपनीची वायर चॅसिसवर किंवा बॉडीवर जिथे उतरते, त्या बोल्टपाशी जोडा.

वायर खरी तांब्याची आहे का

किटवर "चार गेज" असं वायरच्या जाडीचं माप लिहिलेलं असतं. आत बोटभर रबर आणि मध्ये चिमूटभर तार, तीही तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच करंट वाहतं, आणि क्रिम्प केलेल्या, म्हणजे थिंबल दाबून बसवलेल्या जागी थरथरीने लवकर सैल होतं.

हिशोब करून बघा. ५०० वॉट आरएमएसचा (सलग देता येणारी पॉवर) क्लास डी, म्हणजे कमी तापणाऱ्या प्रकारातला ॲम्प पूर्ण वाजताना सुमारे ४५ अँपिअर ओढतो. बॅटरी ते मागची सीट पाच मीटर धरा. साधारण ८ चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे आठ गेजच्या तांब्याच्या वायरीत जवळपास अर्धा व्होल्ट जातो. तेवढ्याच ॲल्युमिनियममध्ये पाऊण व्होल्ट. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्यात जेमतेम ०.१५.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंग केबल मीटरवर मिळते. २५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, लवचिक. नावाजलेल्या ऑडिओ किटपेक्षा मला ती बरी वाटते. फक्त तेल आणि उष्णतेपासून वाचवायला बॉनेटखाली जाळीदार पाइपमध्ये घाला. थिंबल पकडीने चेचू नका. पॅनेलचं काम करणाऱ्या बऱ्याच जणांकडे हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं यंत्र असतं, तिथे दाबून घ्या.

रिमोट वायर

बारीक निळी वायर. स्टीरिओ चालू झाला की तिच्यात १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प जागा होतो. ही टेपने गुंडाळून जोडलेली असेल तर खड्ड्यात क्षणभर सुटते आणि ॲम्प क्लिक करून बंद-चालू होतो. टेप काढून नीट क्रिम्प करा. गाडी लॉक केल्यावरही तिच्यात १२ व्होल्ट राहत असतील, तर सकाळी सेल्फ न मारण्याचं कारण मिळालं.

वूफर आणि त्याची वायर

गाडी बंद करून वूफरच्या दोन्ही वायरी ॲम्पमधून काढा आणि ॲम्प चालू करा. लाल दिवा गेला तर ॲम्प निर्दोष आहे, घोटाळा पुढे. सीटखालच्या सरकत्या रुळात वायर चेचली जाते, ते आधी बघा. मग कॉइल मोजा: चार ओहमची कॉइल मीटरवर साधारण तीन ते पावणेचार दाखवते. काहीच दाखवलं नाही तर जळली. शंकू दोन्ही हातांनी सरळ, हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय.

ड्युअल कॉइलच्या वूफरमध्ये जोडणी चुकते. चार-चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की दोन ओहम होतात, एकापुढे एक जोडल्या की आठ. असे दोन वूफर असून सगळ्या कॉइल समांतर केल्या तर एक ओहम. ॲम्पवर "किमान दोन ओहम" लिहिलेलं असताना एक ओहम लावला, तर तो तापून बंद पडणारच, आणि त्यात त्याचा काय दोष?

गेनही याच वेळी बसवून घ्या. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५०० वॉट आणि दोन ओहम म्हणजे सुमारे ३१.६ व्होल्ट. वूफर काढलेला, ५० हर्ट्झचा टोन, स्टीरिओचा आवाज तीन चतुर्थांश, मीटर एसीवर. ॲम्पच्या आउटपुटला तो आकडा येईपर्यंत गेन वाढवा, तिथेच थांबा.

शिटीचा प्रश्न असेल तर सिग्नलची वायर पॉवरच्या वायरीपासून वेगळ्या बाजूने न्या. बहुतेक वेळा अर्थिंग दुरुस्त झाल्यावर शिटी आपोआप जाते.

दुसरी बॅटरी, कपॅसिटर, मोठा आल्टरनेटर

हे सगळ्यात शेवटी, कारण हे सगळ्यात महाग. एक फॅराडचा कपॅसिटर विकत घ्यायला निघाला असाल तर एवढं ऐका. १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत तो २६ ज्यूल देतो. ६०० वॉट ओढणाऱ्या ॲम्पला ते सेकंदाच्या पंचविसाव्या भागालाही जेमतेम पुरतात. तो करंट तयार करत नाही, आणि खराब अर्थ तर मुळीच सुधारत नाही.

आल्टरनेटर खरंच कमी पडतो तो एका प्रसंगी: फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये), कमी आरपीएमला, एसी, लाइट बार आणि साउंड सगळं एकदम चालू असताना. मंद गतीला आल्टरनेटर त्याच्या पाटीवरल्या अँपिअरच्या बराच खाली चालतो. तेवढ्या वेळेपुरता आवाज कमी करणं हा फुकटातला उपाय आहे. तसंही कठीण चढावर बाहेर उभा असलेला माणूस काय ओरडतोय ते ऐकू यायला हवं. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात साउंड बंदच ठेवावा, तिथे ऐकायला गवे आहेत, त्यांना आपली आवड नको.

अजून काहीच बसवलं नसेल तर

हंगामात रस्त्याने जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवरचा साउंड ऐकून चेव येतो, मान्य. पण थारच्या मागच्या जागेत दहा इंचाचा एकच वूफर, बंद बॉक्स, २५० ते ३०० वॉट आरएमएस एवढं पुष्कळ होतं. बंद बॉक्स लहान होतो, साधारण वीस लिटरचा, आणि खडखडाट सोसतो. सॉफ्ट टॉप असेल तर हार्ड टॉपपेक्षा बेस कमी जाणवणार. ते आधीच गृहीत धरा, नंतर बूस्ट फिरवत बसू नका.

बॉक्स एमडीएफचा (लाकडी भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचा) नको. पाणी लागलं की फुगतो. मरीन प्लाय घ्या. वेल्क्रोवर बसवू नका. वीस किलोचा बॉक्स गाडी कलंडली तर डोक्यात येतो. जमिनीतून आरपार बोल्ट मारा, पण भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग कुठून गेलंय ते बघा. ॲम्प सीटखाली न ठेवता चाकाच्या कमानीच्या वर, उभ्या बाजूला बसवा. ओढ्यातून गाडी घातल्यावर आणि आत पाइपने धुतल्यावर पाणी आधी जमिनीवरच साठतं. तांबड्या मातीची धूळ पंखा असलेल्या ॲम्पमध्ये भरते. शक्यतो बिनपंख्याचा, मोठ्या पट्ट्यांच्या हीटसिंकचा घ्या.

कंपनीची वायर कापू नका. स्टीरिओच्या मागे लागणारे तयार कपलर मिळतात. कापलेली वायर दिसली की वॉरंटीचा वाद सुरू होतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

नवीन, योग्य मापाचा फ्यूज लावल्या लावल्या उडत असेल. कुठलीही वायर हाताला गरम लागत असेल किंवा जळकट वास येत असेल. अशा वेळी आधी बॅटरीची मायनस काढा, बाकीचं नंतर. बॅटरीचं पोट फुगलेलं दिसत असेल. एअरबॅगचा दिवा लागला असेल, किंवा वायर नेण्याच्या वाटेत पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि कपलर दिसले असतील. त्यांना मीटरची काडीसुद्धा लावायची नाही. काम झाल्यावर डॅशबोर्डवर नवे इशारे येऊ लागले असतील, तर अधिकृत वर्कशॉप. आणि ॲम्प पुरात किंवा ओढ्यात बुडाला असेल तर कोरडा करून चालू करून बघण्याचा मोह आवरा, तो थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.

आल्टरनेटरची तपासणी आणि बदल हेही घरचं काम नाही. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना नुसतं "साउंड बंद पडतो" म्हणू नका. रात्रभर उभ्या गाडीचं व्होल्टेज, इंजिन चालू असतानाचं, अर्थच्या बाजूचा आणि प्लसच्या बाजूचा आकडा, वूफरचे ओहम आणि वायरची जाडी कागदावर लिहून द्या. त्याचा अर्धा दिवस वाचतो, आणि तो पहिल्या फटक्यात ॲम्प बदला म्हणू शकत नाही.